देवळीतली बाटली

हिंगोली

पुण्यात ज्याला ज्याला सांगितलं की मी हिंगोलीला चालले आहे, त्याने पहिल्यांदा हेच विचारलं, "तिथं काय आहे?" मी म्हणायची, "काम आहे." आणि कसलं काम ते सांगायला लागले की समोरचा घाईघाईने चहा संपवायचा. माझं काम प्रोस्टेटचं. प्रोस्टेट म्हटलं की आपल्याला रात्री सारखे उठणारे आजोबा आठवतात, आणि बाईमाणसाने त्यावर बोलू नये असं उगीचच वाटतं. मी मात्र आजोबांची नाही, अजून जन्मालाही न आलेल्या मुलांची प्रोस्टेट अभ्यासते. ही ग्रंथी आईच्या पोटात तिसऱ्या-चौथ्या महिन्यात धरायला लागते, वेलीला कळ्या धराव्यात तशी. तिने कधी आणि किती वाढायचं हे हार्मोन ठरवतात. पिकांवर मारायची काही कीटकनाशकं आणि प्लास्टिकमधले काही पदार्थ या हार्मोनची नक्कल करतात, नाहीतर त्यांची वाट अडवतात. उंदरांत असं झालं की पिल्लू जन्मताना धडधाकट दिसतं आणि म्हातारपणी त्याची ग्रंथी बिघडते. माणसांत नेमकं काय होतं हे आपल्याला अजून नीट माहीत नाही. ते कळायचं तर पोटुशी बायकांच्या लघवीचे नमुने हवेत, आणि तेही जिथे फवारणी जोरात चालते अशा गावांतले. म्हणून हिंगोली.

आजवरचं माझं सगळं आयुष्य उंदरांत गेलं. उंदीर प्रश्न विचारत नाहीत आणि आपलं बोलणं घरी जाऊन कुणाला सांगत नाहीत. ही केवढी सोय होती ते मला या प्रवासात कळलं.

रात्रभराच्या गाडीचं वर्णन करत नाही. गाडी होती, मी होते, झोप नव्हती. सकाळी स्टेशनबाहेर टपरीवर पोऱ्याला विचारलं, "गरम काय आहे?" तो म्हणाला, "सुशीला देऊ का?" मी इकडेतिकडे बघितलं. कुणी बाई दिसेना. मग बशीत कांदा, मिरची, शेंगदाणे घालून परतलेले ओले मुरमुरे आले. त्यांचं नाव सुशीला. आमच्याकडे पोह्यांना कुणी असं माणसाचं नाव दिलेलं नाही आणि चवही इतकी झणझणीत नसते. दोन बशा खाल्ल्या.

दिवस हळदीचे होते. मोंढ्यात, म्हणजे इथल्या बाजार आवारात, पोत्यांच्या थप्प्या लागलेल्या आणि हमालांच्या भुवयासुद्धा पिवळ्या. मला शिंका आवरेनात. एक म्हातारा हमाल म्हणाला, "बाई, पहिल्या दिवशी समद्यांला येतात. दुसऱ्या दिवशी अंगाला लागते हळद." मला वाटलं, हे गाव मला सहज रुळवून घेणार. माझ्या पिशवीत काचेच्या छोट्या बाटल्या होत्या, निळ्या झाकणाच्या. काचेच्या अशासाठी, की प्लास्टिकच्या बाटलीतच आम्ही शोधतो ते पदार्थ असतात. त्या फुटू नयेत म्हणून मी त्या माझ्या साड्यांत गुंडाळून आणल्या होत्या आणि त्या काळजीचा मला अभिमान वाटत होता.

कुरुंद्याकडे

दुसऱ्या दिवशी एसटीने वसमतकडे निघाले. कुरुंद्याच्या अलीकडे एका गावाच्या फाट्यावर शोभाताई थांबल्या होत्या. त्या तिथल्या आशाताई, म्हणजे गावातल्या बाळंतिणींची आणि लेकरांची काळजी घेणाऱ्या. गावाचं नाव मी लिहीत नाही. त्यांना माझ्यामुळे झाला तेवढा त्रास पुरे.

वाटेत एका रिकाम्या शेतात मेंढरं बसवली होती. शेताला खत मिळावं म्हणून इथे धनगरांची मेंढरं शेतात मुक्कामाला बोलावतात. तिथली धनगरीण शेळीचं ताजं पिल्लू कडेवर घेऊन उभी होती. मी विचारलं, "काय झालं शेळीला?" ती खुशीत म्हणाली, "पाट झाली बाई, पाट! बोकड काय, दोन दिसाचा पाव्हना. पाट घरात ऱ्हाती, घर वाढवती." पाट म्हणजे मादी पिल्लू. शोभाताई हसल्या आणि म्हणाल्या, "शेळीचं नशीब चांगलं म्हनायचं." मीही हसले. वाक्य फार छान वाटलं म्हणून लक्षातही ठेवलं. त्यातलं काही उपयोगात आणावं एवढी अक्कल मला त्या दिवशी नव्हती.

गावात शिरताच वाफेचा वास आला. मोठ्या लोखंडी पिंपांत हळद शिजत होती, आणि शिजलेली हळद बायका अंगणात पसरत होत्या. शोभाताईंकडे जेवलो: ज्वारीची भाकरी, वरण, मिरचीचा ठेचा आणि ओल्या हळदीचं लोणचं. जेवताना मी पहिला गोंधळ घातला. शेजारच्या बाईला विचारलं, "घरात औषधं कुठली असतात?" ती म्हणाली, "टरबुजावर मारायचं हाय ना. पत्र्याखाली ठेवलंय." इथे औषध म्हणजे आधी फवारणीचं औषध, तापाची ती गोळी. आम्ही ज्याला प्रयोगशाळेत विष म्हणतो, त्याला सगळा मुलूख औषध म्हणतो. मी ते फार मिटक्या मारत टिपून घेतलं. शब्द जपून वापरायला हवेत, असंही मनात म्हटलं. आणि तासाभरातच हात दाखवून अवलक्षण करून घेतलं.

बैठक अंगणवाडीत होती. पाच-सहा पोटुशी बायका, आणि प्रत्येकीबरोबर तिची सासू. सासू येणारच, हे शोभाताईंनी आधी सांगितलं होतं. मी ग्रंथीचं, फवारणीचं, पोटातल्या बाळाचं सोपं करून सांगितलं. निदान मला ते सोपं वाटलं. मुलाच्या पोटात अशी अशी ग्रंथी असते, ती याच महिन्यांत धरते, तिला औषध बाधतं का ते आम्ही बघणार. प्रत्येकीने बाटलीत सकाळची लघवी द्यायची, आणि बाळ जन्मल्यावर आम्ही येऊन त्याच्या अंगाचं एक साधं माप घेणार. पोटात मुलगा की मुलगी हे आम्हाला कळत नाही आणि विचारायचंही नाही. जन्मानंतर जे नमुने उपयोगाचे तेवढे ठेवणार.

तेव्हा मागून गयाबाई बोलल्या. अंगाने भरलेल्या, तोंडात मिश्री, आवाज खणखणीत. त्यांची सून सविता पुढे बसली होती, चौथ्या महिन्यातली, दोन मुलींची आई. गयाबाईंनी विचारलं, "आन् पोरगी झाली तर?"

मी म्हणाले, "मुलगी झाली तर आमच्या काही उपयोगाचं नाही. आम्हाला मुलगेच हवेत."

पुण्याच्या प्रयोगशाळेत हे वाक्य कुणाच्या कानालाही लागलं नसतं. मुलींना प्रोस्टेट नसते, एवढाच त्याचा अर्थ. त्या खोलीतही कुणी चमकलं नाही. सगळ्या सासवांनी माना डोलावल्या. एक म्हणाली, "बराबर हाय." मला वाटलं, समजलं यांना. माझ्या पाठीमागच्या भिंतीवर मुलगी वाचवा असा मोठा रंगवलेला मजकूर होता, हे मला नंतर शोभाताईंनी दाखवलं. मी नेमकी त्याला टेकून उभी होते.

मग मी बाटल्या वाटल्या. आम्हाला लवकरचे महिने हवे होते, म्हणून सविताला आणि आणखी दोघींना दिल्या. आठव्या महिन्यातली एक बाई हात पुढे करून उभी होती. तिला म्हटलं, "तुमचं आता नको." तिचा चेहरा एकदम उतरला. मी समजूत घालत म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका, त्यात तुमची काही चूक नाही." आज ते आठवलं की कान गरम होतात. ती बाई काय समजून घरी गेली असेल!

निघताना मी सविताला विचारलं होतं, फवारणीच्या कामात तुम्ही असता का. ती म्हणाली, "मारतात ते. कालवून देते मी." म्हणजे पंप नवऱ्याच्या पाठीवर आणि औषध पाण्यात हाताने कालवणार ही. मी म्हटलं, निदान हे महिने तरी औषधाला हात लावू नका. गयाबाई लगेच म्हणाल्या, "न्हाई लावू देनार. आता तर न्हाईच." मला वाटलं, केवढी समजूतदार सासू. सून सुखी, बाळ सुखी, मी सुखी.

देवळी

सकाळी बाटल्या गोळा करायला निघालो. गयाबाईंच्या घरासमोर अंगणभर हळद पसरलेली. त्यांनी मला ओसरीवर पाट देऊन बसवलं, पाणी दिलं, कपाळाला कुंकू लावलं. पुण्यात नमुने घ्यायला आलेल्या माणसाला लोक दाराची साखळीही काढत नाहीत, हे मी शोभाताईंना हळूच सांगितलं. मग म्हटलं, "बाटली?"

गयाबाई मला आत घेऊन गेल्या. भिंतीतल्या देवळीत देवांचे टाक होते, शेजारी निरांजन, आणि मधोमध माझी निळ्या झाकणाची बाटली. रिकामी, स्वच्छ. तिलाही हळदकुंकू वाहिलेलं.

मी बावळटासारखी म्हणाले, "अहो, यात लघवी द्यायची होती."

गयाबाई दचकल्या. "त्यात? काहून? तुमी निवडून दिलेली चीज. तिच्यात कसं काय तसलं करायचं?"

निवडून. हा शब्द मी एकदाही वापरला नव्हता. पण बरोबर होता. मुलगेच हवेत म्हणणारी बाई पुण्याहून आली, तिने पोटांकडे पाहिलं, तिघींना बाटली दिली आणि एकीला नको म्हणाली. यातून दुसरा काय अर्थ निघतो? शेजारणी दारात जमल्या होत्या. एक म्हणाली, "गयाबाई, पेढे कवा?" मग कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

मी तिथेच उभी राहून जोरात सांगितलं, की मला काहीही कळलेलं नाही, कुणाला कळत नाही, बाटलीचा आणि मुलाचा काही संबंध नाही. गयाबाईंनी सगळं शांतपणे ऐकलं आणि दार लोटून घेतलं. मग माझा हात धरून, आवाज उतरवून म्हणाल्या, "व्हय बाई, तसंच बोलावं लागतं. कायदा हाय, ठाऊक हाय आमाला. आमी कुठं कुनाला सांगून राहिलो?" मी म्हटलं, "आजी, मी खरंच सांगते." त्या म्हणाल्या, "व्हय, व्हय." आणि डोळा मिचकावला.

मी जितकं नाही म्हणत होते, तितकं त्यांचं होय पक्कं होत होतं. तोंडावर नाही म्हणून खुणेने सांगणारे डॉक्टर या बायकांनी आयुष्यभर पाहिले होते किंवा ऐकले होते. त्यांच्या हिशेबी मी चांगलीच सराईत निघाले.

सविता मला हळद शिजताना दाखवते म्हणून पिंपाकडे घेऊन गेली. वाफेचा आवाज मोठा होता, त्यात बोललेलं कुणाला ऐकू जात नव्हतं. सासूला ती आत्या म्हणे.

"बाई, तुमाला खरंच कळलं का?"

"नाही गं. शप्पथ नाही."

"मला वाटलंच." ती काठीने हळद सारखी करत राहिली. "आत्यानं काल मला दूध दिलं. पयल्या दोघींच्या टायमाला न्हाई दिलं. औषधाला हात लावू नको म्हनल्या. आता पोरगी झाली तर मला काय म्हनतील? बाईनं पोरगं सांगितलं, तूच काहीतरी केलं म्हनतील."

मी म्हटलं, "तुझी बाटली मी परत घेते. सांगते की तुझं नको."

तिने झटकन माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांतली ती भीती मला अजून दिसते. "न्हाई बाई! एकटीची नेऊ नका. नको म्हनलं म्हंजे पोरगी हाय, असंच समजतील. चवथा हाय मला. चवथ्यात मोकळी करून आनतात. गाडी करतील आन् नेतील." मग काठी ठेवून म्हणाली, "मला हे लेकरू पाहिजे. काही बी असू द्या."

मी या गावात आले ती पोटातल्या बाळापर्यंत काय काय पोचतं ते शोधायला, आणि माझं एक वाक्य त्याच्यापर्यंत औषधाच्या आधी पोचलं होतं. मला इतकी लाज वाटली की तिच्याशी नजर मिळवता येईना. खरं सांगते, पहिला विचार आला तो पळून जायचा. सामान शोभाताईंकडे होतं म्हणून राहिले.

शोभाताईंना सांगितलं. त्या मला ओरडतील असं वाटलं होतं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "मला बोलायचं व्हतं काल. पन तुमी शिकलेल्या. म्हनलं त्यायचं काहीतरी असंल." मग आम्ही दोघींनी बसून तोड काढली. एकीची बाटली नेली तर निकाल, एकीची ठेवली तरी निकाल. नेल्या तर सगळ्याच न्यायच्या, सगळ्यांदेखत, आणि कुणाच्याही पोटाशी त्याचा संबंध लागणार नाही असं कारण द्यायचं.

दुपारी अंगणवाडीत पुन्हा सगळ्यांना बोलावलं. मी सांगितलं की बाटल्या सदोष निघाल्या, पुण्याच्या लोकांची चूक, सगळ्या परत न्यायच्या आहेत, इथलं काम बंद. आठव्या महिन्यातल्या बाईलाही मुद्दाम समोर बसवून म्हणाले, "तुम्हाला नको म्हटलं ते पोटाकडे बघून नाही. कुणाचंच पोट मला कळत नाही." विज्ञानाच्या नावाने मी आयुष्यात इतकं धडधडीत खोटं कधी बोलले नव्हते, आणि इतक्या तळमळीने खरंही. दोन बाटल्या मुकाट्याने आल्या. तिसरी गयाबाईंची. त्यांनी ती पदराने पुसली, कुंकवाचा डाग निघेना, तशीच माझ्या हातात ठेवली.

"औषधाला हात लावू नका हे मात्र सगळ्यांनाच," मी म्हटलं. "पोटात मुलगा असो की मुलगी, औषध दोघांनाही बाधतं." आठवत नाही कुणी माना डोलावल्या का.

परत

परतीच्या वाटेवर मोंढ्यात पुन्हा गेले नाही. शोभाताईंनी धपाटे बांधून दिले होते, ते गाडीत तसेच राहिले. प्रयोगशाळेत सांगितलं की गाव तयार झालं नाही. प्रमुख म्हणाले, गावं पुष्कळ आहेत, दुसरं बघू. मी हो म्हटलं. त्यापेक्षा जास्त सांगायचं धाडस त्या दिवशी झालं नाही. पुढे महिन्याभराने सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "वाक्याचं काय एवढं?" मला चीड आली, कारण महिन्यापूर्वी मीही हेच म्हणाले असते. दुसऱ्या गावाला मी गेले नाही.

शोभाताईंना मधूनमधून फोन करायचे. विचारायचं एकच असायचं आणि ते विचारायची लाज वाटायची, म्हणून आधी हवापाणी. सविता घरातच आहे, गाडी कुठे गेली नाही, एवढं कळलं की फोन ठेवायचे. गयाबाई काय समजल्या होत्या ते शोभाताईंनाही कळत नव्हतं.

पावसाळा सरता सरता शोभाताईंचा फोन आला. सविताला मुलगी झाली. दोघी ठीक. मी विचारलं, "घरात कसं आहे?" त्या म्हणाल्या, "तिला कुनी काहीच बोललं न्हाई. समद्या शिव्या तुमाला पडून राहिल्यात." मग फोन सविताला दिला.

सविता हळू आवाजात म्हणाली, "बाई, आत्या म्हनतात, बाटली देवळीत असती तर पोरगंच व्हतं. बाईनं बाटली नेली, तिच्यासंगं पोरगं नेलं. माझं नाव न्हाई घेत. लेकीला मांडीवर घेतात. म्हनतात, हिची काय चूक." मग आणखी हळू म्हणाली, "तुमी त्यायला खरं सांगू नका. असंच राहू द्या."

मी काही बोलायच्या आत तिकडे गयाबाईंनी फोन घेतला. आवाज तोच खणखणीत.

"काहून नेली वो बाई तुमी बाटली?"

इतकी वर्षं मी ज्याच्यासाठी घासली, ते सगळं शास्त्र माझ्या जिभेवर आलं होतं. सदोष बाटल्या, मुलगा कशाने होतो, बापाकडून काय येतं, सगळं. मागे बाळ कुरकुरत होतं.

"चुकलं माझं, आजी," मी म्हणाले.

"चुकलंच," गयाबाई म्हणाल्या. "आता दुसऱ्या कुनाची नेऊ नका."